शस्त्रवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग : म्हैसूरच्या एका दुबारी शिकारी बंदुकीचे मूल्यमापन

शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर (१६७४) सिद्ध झालेल्या 'राजव्यवहारकोशा'त राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. या कोशाचे दहा वर्ग आहेत. त्यांतील तीन वर्ग प्रस्तुत विवेचनासाठी महत्त्वाचे आहेत : शस्त्रवर्ग, लेखनवर्ग आणि पण्यवर्ग. शस्त्रे एका वर्गात, लिहिण्याचा व्यवहार दुसऱ्या वर्गात आणि बाजारातील विक्रीयोग्य वस्तू तिसऱ्या वर्गात, अशी ही मांडणी आहे. कोशकाराच्या दृष्टीने या सीमा स्पष्ट होत्या. परंतु एखादी वस्तू शंभर-दोनशे वर्षे टिकून राहिली की ती एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाते, आणि तिचे मोल करण्याची रीतही बदलते. हे स्थलांतर कसे घडते, आणि त्यात मूल्य नेमके कोणत्या टप्प्यावर निश्चित होते, याचा शोध एका विशिष्ट वस्तूच्या आधारे घेणे हा या निबंधाचा हेतू आहे.

ती वस्तू म्हणजे श्रीरंगपट्टणच्या कारखान्यात टिपू सुलतानासाठी घडवलेली चकमकीची शिकारी बंदूक. मे २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने अशा एका बंदुकीच्या परदेशगमनावर तात्पुरती बंदी घातली. तिचे मूल्य २० लाख पौंड ठरवण्यात आले होते. असद खान मुहम्मद या कारागिराने ती १७९३-९४ मध्ये घडवली. लांबी १३८ सेंटिमीटर. दस्ता कठीण लाकडाचा व त्यावर चांदीचे जडावकाम. नळी पोलादी, कोरलेली, सोन्याचांदीने मढवलेली. आणि उपयोग पक्ष्यांच्या शिकारीचा. या बंदुकीचे वैशिष्ट्य असे की, नळी एकच असूनही ती पुन्हा न भरता तिच्यातून लागोपाठ दोन बार काढता येतात. याच रचनेच्या टिपूच्या शिकारी बंदुकीला एप्रिल २०१५ मध्ये लंडनच्या बोनहॅम्स या लिलावगृहात ७,२२,५०० पौंड मिळाले होते. आठ वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन आकारण्यांमध्ये जवळजवळ तिपटीचा फरक आहे. लोखंड, लाकूड आणि चांदी यांत या आठ वर्षांत काही बदल झाला नाही. मग वाढले ते काय, हा प्रश्न स्वाभाविकपणे पुढे येतो.

प्रथम शस्त्रवर्गाच्या अंगाने विचार करू. नळी पुन्हा न भरता दुसरा बार काढता यावा, ही शिकाऱ्याची फार जुनी आकांक्षा आहे. पहिल्या बाराच्या आवाजाने पक्षी उडतो, आणि दारू, गोळी, गज, रंजक हा सारा क्रम पुन्हा पुरा होईपर्यंत तो टप्प्याबाहेर गेलेला असतो. या आकांक्षेची पूर्ती यंत्राने होऊ लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. ऑस्ट्रियातील फर्डिनांड मानलिखर याने १८८५ मध्ये आपोआप भरली जाणाऱ्या रायफलीचा नमुना तयार केला. अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीने १९०३ मध्ये अशी अर्धस्वयंचलित रायफल बाजारात आणली. तेथे पहिल्या बाराची शक्तीच पुढचे काडतूस नळीत चढवते आणि शिकाऱ्याला फक्त पुन्हा चाप ओढावा लागतो. टिपूची बंदूक अर्थातच या जातीची नव्हे, आणि रायफलही नव्हे. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे खाचे असतात, पक्ष्यांच्या शिकारीच्या बंदुकीची नळी गुळगुळीत असते. मात्र 'दुसरा बार तत्काळ' ही जी गरज अर्धस्वयंचलित शिकारी रायफलीने पुढे भागवली, तिचेच अठराव्या शतकातील एक उत्तर म्हणून या दुबारी बंदुकीकडे पाहता येते.

हे उत्तर सोपे आहे, पण धोक्याचे आहे. एकाच नळीत एकामागे एक असे दोन बार भरतात. प्रत्येक बारासाठी नळीला रंजकाचे स्वतंत्र छिद्र असते. आधी पुढचा बार उडवायचा, मग मागचा. मागच्या बाराची गोळी व तिच्यावरचा बुच इतका घट्ट बसला पाहिजे की पुढच्या बाराची ज्वाला त्याला ओलांडून मागच्या दारूपर्यंत पोचू नये. ती पोचली तर दोन्ही बार एकदम पेटतात आणि नळी फुटून शिकाऱ्याचाच घात होतो. म्हणून या बंदुकीची गुणवत्ता ठरवणारा प्रश्न नक्षीचा नाही. नळीचे पोट आतून सर्वत्र सारखे आहे काय, बुडाशी भिंत पुरेशी जाड आहे काय, दोन छिद्रांमधील अंतर बाराच्या मापाशी जुळते काय, हे तिचे खरे कस आहेत. युरोपात हा कस संस्थेच्या स्वाधीन होता. लंडनच्या बंदूककारांच्या श्रेणीला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ मध्ये कायद्याने स्थापन झाले. नेहमीपेक्षा अधिक दारू भरून नळी उडवून पाहायची, आणि ती टिकली तर तिच्यावर ठसा उमटवायचा, ही तेथील रीत. श्रीरंगपट्टणच्या नळ्यांवरही ठसे आहेत. त्यांत व्याघ्रमुखाच्या आकारात गुंफलेला अक्षरबंध विशेष प्रसिद्ध आहे.

येथे आपण नकळत दुसऱ्या वर्गात, लेखनवर्गात, पाऊल टाकतो. ठसा हे धातूवरचे लेखन आहे. नळी स्वतः तपासण्याचे श्रम ज्याला शक्य नाहीत त्याच्यासाठी 'ही तपासलेली आहे' असे कोणीतरी लिहून ठेवले आहे. टिपूच्या शस्त्रांवर असे लेखन विपुल आहे : कारागिराचे नाव, कारखान्याचे ठिकाण, वर्ष, आणि 'बबरी' म्हणून ओळखली जाणारी व्याघ्रपट्ट्यांची खूण, जी त्याच्या शिपायांच्या अंगरख्यापासून सिंहासनापर्यंत सर्वत्र दिसते. या बंदुकीचे मूल्य करणारा मनुष्य म्हणजे प्रथमतः वाचक होय. आणि वाचकाच्या चुका त्याच्याकडून होऊ शकतात.

यातील सर्वांत बोधप्रद चूक वर्षाच्या आकड्याची आहे. टिपूने आपल्या राज्यात हिजरी सन बाजूला ठेवून 'मौलूदी' नावाची कालगणना सुरू केली. तिची घडण चांद्रसौर असून तिचे वर्ष चैत्राच्या सुमारास सुरू होई, आणि वर्षांच्या नावांचे साठ वर्षांचे चक्र आपल्या संवत्सरचक्राशी समांतर होते. त्याच्या नाण्यांवर मौलूदी सन दिसू लागतो तो १२१५ या आकड्यापासून, म्हणजे इसवी १७८७-८८ पासून. आणि तेथे आकडे उजवीकडून डावीकडे लिहिलेले असतात. फार्सी लिपी उजवीकडून वाचली जात असली तरी तिच्यातील अंक डावीकडूनच वाचले जातात. टिपूने अंकांनाही अक्षरांच्याच दिशेने वळवले. हा संकेत ठाऊक नसलेल्याला १२१५ हा आकडा ५१२१ असा दिसेल व तो लेखकाचा प्रमाद वाटेल. ज्याला उलट क्रम ठाऊक आहे, पण मौलूदी गणना ठाऊक नाही, तो अधिक मोठ्या गर्तेत पडेल. हिजरी १२१५ हे वर्ष मे १८०० मध्ये सुरू होते. टिपू तर ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या लढाईत पडला. म्हणजे मौलूदी सनाचे प्रत्येक अस्सल शस्त्र हिजरीप्रमाणे वाचल्यास त्याच्या मरणानंतरचे, अर्थात बनावट, ठरते. कालगणनेचा एक संकेत न कळल्याने लाखो पौंडांची वस्तू कवडीमोल व्हावी, इतके सामर्थ्य या वाचनात आहे.

तौलनिक अभ्यासकाने येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याच १७८७-८८ या वर्षाला पुण्याच्या दफ्तरातील कारकून शके १७०९, प्लवंगनाम संवत्सर म्हणे. सरकारी कागदावर तो सुहूर सनाची 'समान समानीन मया व अलफ' अशी अक्षरे लिही. एकाच दख्खनच्या पठारावर एकाच वर्षाला अशी चार-पाच नावे होती, आणि त्या प्रत्येक नावात एक राजकीय निष्ठा व्यक्त होत होती. बंदुकीवरचा सन हा केवळ तिच्या जन्माचा दाखला नसतो. काळ कोणाच्या नावाने मोजायचा याविषयीचा तो एक दावाही असतो. हा दावा वाचण्यासाठी फार्सी, कन्नड आणि मोडी या तिन्ही परंपरांचा परिचय लागतो. लिलावाच्या सूचीत त्याचा उल्लेख सहसा एका कंसात उरकलेला असतो.

लेखनवर्गाचा दुसरा भाग वस्तूच्या अंगावर नसतो. तो तिच्याविषयीच्या कागदांत असतो. २०२३ मधील बंदुकीविषयी असे सांगितले गेले की ती जनरल अर्ल कॉर्नवॉलिस याला भेट मिळाली असावी. हे विधान तपासून पाहण्यासारखे आहे. कॉर्नवॉलिसचे टिपूशी युद्ध झाले ते १७९० ते १७९२ या काळात. त्या युद्धात मराठे व निजाम कंपनीचे दोस्त होते. परशुरामभाऊ पटवर्धन यांनी धारवाडचा दीर्घ वेढा चालवला. १७९१ च्या मे महिन्यात अन्नावाचून हवालदिल झालेल्या कॉर्नवॉलिसच्या फौजेला मेलकोट्याजवळ हरिपंत फडके व परशुरामभाऊ येऊन मिळाले आणि मराठी लष्करातील बाजारामुळे तिला धान्य मिळाले. मार्च १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने टिपूला निम्मे राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये द्यावे लागले, व दोन मुले ओलीस ठेवावी लागली. १७९३ च्या उत्तरार्धात कॉर्नवॉलिस हिंदुस्थान सोडून गेला. ओलीस मुलगे परत आले ते १७९४ मध्ये.

बंदूक १७९३-९४ ची असेल, तर दोन शक्यता उरतात. तिच्या घडणीच्या वर्षातील पहिल्या काही महिन्यांतच ती टिपूकडून कॉर्नवॉलिसच्या हाती गेली असावी. किंवा १७९९ च्या पाडावानंतर श्रीरंगपट्टणच्या लुटीतून काढून ती कोणीतरी विलायतेत त्याला नजर केली असावी. पहिल्या कथेत एक पराभूत पण सार्वभौम राजा आपल्या जेत्याला स्वतःच्या कारखान्याचे कौशल्य दाखवतो. दुसऱ्या कथेत मेलेल्या शत्रूची वस्तू जेते आपसांत वाटून घेतात. बंदूक तीच, दोन्ही कथांत तिची नळी तितकीच चांगली किंवा वाईट. परंतु 'भेट' या एका शब्दाने दोन्ही कथा झाकल्या जातात. माझ्या मते १७९२ नंतरचे ताणलेले संबंध आणि महिन्यांचा हिशेब पाहता दुसरी शक्यता अधिक सयुक्तिक दिसते. तरी हा अनुमानाचा विषय आहे, आणि मूल्य आकारताना तो अनुमान म्हणूनच मांडला जायला हवा.

आता पण्यवर्ग. १७९९ मध्ये किल्ल्यात ९२९ तोफा सापडल्या. हातातील बंदुकांची गणती तर हजारोंनी होती. लूट वाटण्यासाठी समिती नेमली गेली आणि हुद्द्यानुसार वाटे पडले. त्या क्षणी एक निवड झाली, जिचा परिणाम आजवर टिकून आहे. सोन्याचांदीने मढवलेली, वाघाचे तोंड असलेली हत्यारे 'स्मृतिचिन्हे' म्हणून निवडली गेली. साध्या शिपायाची बंदूक शस्त्र म्हणूनच राहिली आणि झिजून संपली. म्हणून आज टिपूच्या कारखान्यांविषयी आपण जे अनुमान करतो ते बव्हंशी राजाच्या खासगी शिलेखान्यावरून केलेले असते. एखाद्या साहित्यपरंपरेचा अंदाज केवळ दरबारी काव्यावरून घ्यावा, तसाच हा प्रकार आहे.

या निवडीची दुसरी बाजू मराठी वाचकाला जवळची आहे. १८५५ मध्ये तंजावरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले. राजवाड्यातील शिलेखान्यात पिढ्यान्‌पिढ्यांची हत्यारे होती. १८६३ च्या सुमारास त्यांतील काही निवडक नग मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेले आणि उरलेल्यांची मोडून, भंगाराच्या भावाने, वासलात लागली. तंजावर आणि श्रीरंगपट्टण यांच्यामध्ये कावेरीचेच पाणी वाहते. वरच्या अंगाची शस्त्रे जिंकली गेली म्हणून जपली गेली. खालच्या अंगाची शस्त्रे न लढता हाती आली म्हणून त्यांना लोखंडाचा भाव आला. कारागिरीतील फरकाने हे अंतर समजत नाही. एका संग्रहामागे युद्धाची कथा होती, दुसऱ्यामागे दत्तकाच्या वादाची फाइल होती.

अलीकडच्या बाजारातही हाच न्याय दिसतो. रॉबिन विगिंग्टन यांनी टिपूच्या बंदुकांचा मोठा संग्रह केला आणि १९९२ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला; तो संग्रह मे २००५ मध्ये सदबीज येथे विकला गेला. सूची आधी आली आणि विक्री नंतर झाली, हा क्रम महत्त्वाचा आहे. कारण ग्रंथात नोंद असणे हीच पुढे बाजारात प्रतिष्ठेची खूण ठरली. मार्च २०१९ मध्ये इंग्लंडमधील बर्कशर येथे टिपूच्या शिलेखान्यातील एक २० बोरची बंदूक संगिनीसह ६०,००० पौंडांना गेली. (येथे 'बोर' म्हणजे एक पौंड शिशाच्या जितक्या सारख्या गोळ्या पाडल्या असता त्यांतील एक नळीत नेमकी बसेल ती संख्या, आकडा वाढला की नळी अरुंद होते.) कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या घराण्यात ती होती आणि तिच्यावर लढाईतील मोडतोडीच्या खुणा होत्या. शस्त्रवर्गात मोडतोड हा दोष आहे. पण्यवर्गात तीच मोडतोड गुण ठरली, कारण ती अखेरच्या लढाईची साक्ष मानली गेली. उलट एखाद्या मालकाने प्रेमाने घासून-पुसून नवी केलेली नळी आपले मूल्य गमावते. घासण्यात ठशांच्या कडा बोथट होतात आणि लेखन पुसट होते. बाजार ज्याची किंमत देतो ते वाचता येणारे लेखन असते, हे यावरून उघड व्हावे. अर्थात जेथे लेखनाला किंमत येते तेथे बनावट लेखनही येते. जुन्या साध्या नळीवर नंतर बबरीचे पट्टे कोरणे अवघड नाही. अवघड आहे ते सन, ठसा, कारखाना आणि कारागीर या चारही गोष्टी परस्परांशी जुळवणे.

ब्रिटनमधील निर्यातबंदीची कसोटी १९५२ च्या वेव्हर्ली समितीने घालून दिली. वस्तूचा देशाच्या इतिहासाशी व जीवनाशी निकटचा संबंध आहे काय, तिचे सौंदर्यमूल्य असामान्य आहे काय, आणि एखाद्या विद्याशाखेच्या अभ्यासासाठी ती असामान्य महत्त्वाची आहे काय, असे तीन प्रश्न तेथे विचारले जातात. श्रीरंगपट्टणच्या मुसलमान कारागिराने म्हैसूरच्या सुलतानासाठी घडवलेली बंदूक या चाळणीतून ब्रिटनची राष्ट्रीय ठेव म्हणून बाहेर येते. याविषयी संताप व्यक्त करणे सोपे आहे. अभ्यासकाचे काम त्याहून वेगळे असावे. 'इतिहासाशी संबंध' या शब्दप्रयोगातील इतिहास कोणत्या भाषेत लिहिलेला आहे, हे त्याने विचारले पाहिजे. आपल्याकडील १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरील वस्तू संरक्षणास पात्र ठरते. पण वय मोजणे आणि मूल्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या तिन्ही वर्गांत न बसणारे एक मूल्य म्हैसूरच्या परिसरात अजून जिवंत आहे, त्याचाही निर्देश करायला हवा. दसऱ्याच्या आधी महानवमीला म्हैसूरच्या राजवाड्यात राजघराण्याच्या शस्त्रांची पूजा होते; आपल्याकडची खंडेनवमी तीच. शेजारच्या कोडगूत सप्टेंबरच्या प्रारंभी 'कैलपोद' साजरा होतो. त्यात बंदुकीला, कन्नडात 'कोवी'ला, फुले वाहतात. कोडव लोकांना बंदूक बाळगण्यासाठी परवान्याच्या अटीतून इंग्रजी अमदानीपासून सूट आहे, आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती आणखी दहा वर्षांसाठी चालू ठेवली. ज्या घरात बंदूक पूजली जाते तेथे तिचा कारागीर कोण, सन कोणता, हे कोणी विचारत नाही. ती आजोबांची होती एवढे पुरते. तेथे घराण्याची स्मृतीच लेखनाचे काम करते.

सारांश, शस्त्राची गुणवत्ता शस्त्रवर्गात सिद्ध होते आणि त्याची किंमत पण्यवर्गात उच्चारली जाते. परंतु त्याचे मूल्य लेखनवर्गात ठरते. ७,२२,५०० आणि २० लाख यांमधील अंतर लेखनानेच भरले आहे : सूच्या, वंशपरंपरेचे दाखले, एका 'भेटी'ची कथा. म्हणून अशा वस्तूचे मोल करणाऱ्याने क्रम उलटा ठेवू नये. आधी नळी पाहावी, मग ठसा व सन वाचावा, त्यानंतर कागद ताडून पाहावेत, आणि भाव शेवटी विचारावा. आज बहुधा भावापासून आरंभ होतो व कथा त्याला जोडली जाते.

या कामात मराठीचे देणे मोठे आहे, आणि ते अद्याप दिले गेलेले नाही. १७९०-९२ च्या मोहिमेत मराठे श्रीरंगपट्टणच्या तटापर्यंत गेले होते. पटवर्धनी दफ्तरातील त्या काळची पत्रे वासुदेवशास्त्री खरे यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त छापून शतक लोटले. टिपूच्या शस्त्रांचे मूल्य इंग्रजी रोजनिशा व लिलावसूच्या यांवरून ठरते. त्याच छावणीत बसून मोडीत लिहिणाऱ्या साक्षीदाराला कोणी विचारत नाही, कारण त्याला साक्षीसाठी उभे करण्याचे काम आपण केलेले नाही. फार्सी ठसा, कन्नड परंपरा, मराठी पत्र आणि इंग्रजी सूची ही चारही साधने एका टेबलावर ठेवून एखाद्या तरी बंदुकीचे वाचन व्हावे. तसे झाले तर तिची किंमत वाढेल की घटेल, हे बाजाराने पाहावे. तिचा अर्थ मात्र खात्रीने अधिक अचूक होईल.